कोरा कागद आणि खुलभर दूध

चित्रकलेचा व्यवसाय न करणाऱ्या माणसास कोऱ्या कागदाची भीति म्हणजे काय, हें नुसतें सांगून समजावयाचें नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांचा कागदाशीं संबंध येतो तो पत्रापुरता, हिशेबापुरता किंवा अर्जापुरता. आणि तेथें काय लिहावयाचें हें कागद पुढें ओढण्यापूर्वींच ठरलेलें असतें. परंतु जी वस्तु अद्यापि कोठेंच नाहीं ती ज्यास कागदावर आणावयाची आहे, त्याच्यापुढें तो पांढरा तुकडा कधीं कधीं असा उभा राहतो कीं, हात जड होतो, मन पळ काढतें, आणि दिवसामागून दिवस जाऊनहि एक रेघ म्हणून उमटत नाहीं. यास आळस म्हणणें सोपें आहे. पण तें खरें नव्हे. आळशी मनुष्य सुखानें झोपतो. या मनुष्यास झोपहि येत नाहीं. लेखकांच्या अशा कोंडीस इंग्रजींत आज जें नांव रूढ आहे, तें एडमंड बर्गलर नांवाच्या मनोविश्लेषकानें १९४७ च्या सुमारास प्रचारांत आणलें असें मानतात. नांव नवें असलें तरी दुखणें जुनें आहे, आणि तें लेखकांपुरतेंच नाहीं.

आम्ही या विषयावर लिहीत आहों तें कोणा तज्ज्ञाच्या अधिकारानें नव्हे. गेल्या वर्षीं आषाढापासून भाद्रपदापर्यंत ही कोंडी आमच्याच घरांत वस्तीस होती, आणि तिचा आरंभ, वाढ व शेवट हीं तिन्ही आम्हांस अगदीं जवळून पाहावयास मिळालीं. पूर्वीं ज्या घरांतून वकील, शिक्षक आणि इंजिनियर निघत, त्याच घरांतून आतां चित्रकलेच्या आणि डिझाइनच्या अभ्यासक्रमास मुलें जाऊं लागलीं आहेत. घरच्या वडील मंडळींस गणिताच्या पेपरांत नापास होणें समजतें. चित्राच्या वहींत अडकणें समजत नाहीं. पहिल्यावर शिकवणीचा उपाय तरी असतो. दुसऱ्यावर काय करावें हें कोणी सांगत नाहीं. म्हणून जें पाहिलें तें येथें मांडावें असें वाटलें.

ठाण्यास आमचें एकत्र कुटुंब आहे. मातोश्री, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां आणि मुलें मिळून नऊ पानें रोज मांडलीं जातात. थोरल्या बंधूंची कन्या मुंबईंतील एका कलाशाळेंत शेवटच्या वर्षास होती. इलस्ट्रेशन, म्हणजे कथेस चित्रें काढण्याची विद्या, हा तिचा मुख्य विषय. त्या वर्षींचें मोठें काम असें होतें कीं, एखादी लोककथा निवडून तिचें मुलांसाठीं बत्तीस पानांचें सचित्र पुस्तक तयार करावयाचें. बत्तीस हा आंकडा कोणाच्या लहरीनें ठरलेला नाहीं. छापखान्यांत मोठ्या कागदास घड्या घातल्या कीं सोळा पानांचा एक फॉर्म होतो. असे दोन फॉर्म म्हणजे बत्तीस पानें. त्यांतून शीर्षक, अर्पण व शेवटचें पान वजा केलें कीं समोरासमोर उघडणारीं चौदा जोडपानें उरतात. तेवढ्यांत सारी कथा बसली पाहिजे. मुदत दहा आठवड्यांची होती, आणि या कामावांचून तें वर्ष पुरें होणार नव्हतें.

कथा निवडण्यास तिला मुळींच वेळ लागला नाहीं. आमच्या घरीं श्रावणांत दर सोमवारीं मातोश्री खुलभर दुधाची कहाणी सांगतात, आणि पुतणीनें ती पाळण्यांत असल्यापासून ऐकलेली. वाचकांसहि ती ठाऊक आहेच. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा अशी राजास इच्छा होते. दवंडी पिटते कीं, साऱ्या गांवानें घरचें सर्व दूध घेऊन देवळास यावें. राजाज्ञेच्या धाकानें लोक वासरांस पाजीत नाहींत, मुलांस देत नाहींत; थेंबन् थेंब आणून ओततात; तरी गाभारा भरत नाहीं. दुपारीं एक म्हातारी घरचें काम आवरून, लेकरां-सुनांचें खाणेंपिणें आटोपून, वासरांची सोय पाहून, उरलेलें खुलभर दूध घेऊन येते, आणि तेवढ्यानें गाभारा भरतो. हें कोडें उलगडावयास राजास तीन सोमवार लागतात. तिसऱ्या सोमवारीं म्हातारी त्याच्या हातीं सांपडते, अभय मागून घेते आणि सांगते कीं, ज्या दुधासाठीं वासरें व मुलें तळमळलीं तें देवास पोंचलें नाहीं. कथा लहान, अर्थ मोठा, आणि चित्रांस जागा भरपूर. पहिल्या दिवशीं पुतणी इतकी उत्साहांत होती कीं, जेवतांना ताटांतल्या आमटीनें तिनें देवळाचा कळस काढून दाखविला.

त्यानंतर सहा आठवड्यांत तिनें कांहींच काढलें नाहीं.

कांहींच केलें नाहीं असें मात्र नव्हे. तिच्या संगणकावर साडेचारशें चित्रें जमा झालीं होतीं. पिंटरेस्टवरून घेतलेलीं राजस्थानी लघुचित्रें, जपानी ठसे, रशियन परीकथांचीं पानें, देवळांचे फोटो, गाईवासरांचे फोटो, नऊवारी लुगड्यांचे फोटो, सारें कप्प्याकप्प्यांत लावून ठेविलेलें. या कहाण्यांचीं चित्रें पूर्वीं निघालेलींहि तिनें शोधून काढलीं. सी. ए. किंकेड नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें श्रावणांतल्या कहाण्या इंग्रजींत उतरवून १९१४ सालीं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नांवानें प्रसिद्ध केल्या होत्या, आणि त्यांस चित्रें काढलीं होतीं रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं. कोल्हापुरास १८६७ सालीं जन्मलेले धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून आले, तेथेंच शिक्षक झाले, आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें त्यांच्या आत्मचरित्राचें नांव याच हिशेबाचें आहे. मराठी माणसाच्या उभें राहण्याची, बसण्याची, पदर सांवरण्याची ढब इतक्या सहजतेनें रेघेंत पकडणारा हात विरळा. पुतणीनें तीं चित्रें पाहिलीं आणि ती अधिकच गप्प झाली. “काका, हें सगळं आधींच होऊन गेलंय,” एवढेंच ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आजचे विद्यार्थी कागदापेक्षां कांचेच्या पाटीवर अधिक काढतात. त्या पाटीवर केलेली रेघ मागें घेण्याची एक कळ असते. ती दाबली कीं रेघ अशी नाहींशी होते कीं, ती कधीं होती याची खूणहि राहत नाहीं. खोडरबरानें खोडलेल्या रेघेचा माग तरी उरतो, आणि त्या मागाच्या आधारानें दुसरी रेघ बरी येते. येथें सारें पुन्हां पांढरें. पुतणी तासन् तास बसे. राजाची भुवई काढी, कळ दाबी. पुन्हां काढी, पुन्हां दाबी. दिवसाच्या शेवटीं पाटी सकाळसारखीच स्वच्छ. एवढी मेहनत करून हातीं कांहींच न उरण्याचा जो शीण असतो, तो प्रत्यक्ष कामाच्या शिणाहून मोठा असतो.

घरांत कोंडी असली म्हणजे ती एकट्याची राहत नाहीं. येणारा-जाणारा विचारी, “काय, पुस्तक कुठवर आलं?” गणपतीची वर्गणी मागावयास आलेले गृहस्थहि विचारून गेले. थोरले बंधु स्वभावानें मवाळ. पण तेहि एकदां जेवतांना म्हणाले कीं, बी.कॉम. केलें असतें तर एव्हांना नोकरीचा विचार करतां आला असता. त्या रात्रीं पुतणी पानावरून अर्धवट उठली. दुसऱ्या दिवसापासून तिचें ताट तिच्या खोलींत जाऊं लागलें. वहिनींचे डोळे सुजलेले दिसत. एका रात्रीं उशिरां आम्ही पाणी प्यावयास उठलों, तेव्हां स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पुतणी बसली होती. ती म्हणाली, “काका, मला हें जमत नाहीं. मी वर्ष सोडून देते. बाबांना तुम्हीच सांगा.” तिच्या स्वरांत रडें नव्हतें, हिशेब पुरा झाल्यासारखा स्वर होता, आणि त्याचेंच आम्हांस भय वाटलें. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें कीं, चौथा सोमवार होईतों आपण दोघांनींहि बाबांना कांहीं सांगावयाचें नाहीं.

या विषयावर विचारवंतांनीं काय म्हटलें आहे हें आम्हीं त्या दिवसांत चाळून पाहिलें. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज ग्रंथकारानें १९२६ सालीं ‘दि आर्ट ऑफ थॉट’ या पुस्तकांत नव्या कल्पनेच्या जन्माच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: पूर्वतयारी, उबवण, स्फुरण आणि पडताळा. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांचा अनुभव या संबंधांत नेहमीं सांगितला जातो. पुष्कळ दिवस एका प्रश्नाशीं झगडून ते सहलीस निघाले, आणि कूतांस गांवीं गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवतांच उत्तर त्यांच्या मनांत आपोआप उभें राहिलें. ही गोष्ट सांगणारे बहुधा गाडीवरच थांबतात. स्वतः प्वांकारे यांनीं मात्र बजावून ठेविलें आहे कीं, आधींच्या कष्टाच्या दिवसांवांचून ती पायरी त्यांस कांहींच देती ना. उबवावयास आधीं अंडें पाहिजे. पुतणीच्या बाबतींत प्रश्न हाच होता. तिची तयारी झाली होती कीं नाहीं? साडेचारशें चित्रें जमविणें हें कष्टाचें काम खरें. परंतु तीं साडेचारशेंहि दुसऱ्यांनीं पूर्ण केलेलीं, धुऊन पुसून चौकटींत बसविलेलीं. त्यांतलें एकहि तिच्या हातांतून गेलेलें नव्हतें. डोळे भरले होते आणि हात उपाशी होता.

उलगडा झाला तो तिसऱ्या श्रावणी सोमवारीं, आणि तो आमच्या वाचनानें झाला नाहीं. मातोश्रींचें वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांत मोतीबिंदु उतरल्यामुळें पोथींतलीं अक्षरें त्यांस दिसेनाशीं झालीं होतीं. कहाणी त्यांना पाठ आहे, पण समोर कोणी पुस्तक धरून बसल्यावांचून त्यांस चैन पडत नाहीं. त्या दिवशीं त्यांनीं पुतणीस हांक मारली. ती नाखुषीनें आली आणि वाचूं लागली. म्हातारी दूध घेऊन निघाली तेथें ती थांबली आणि म्हणाली, “आजी, खुलभर म्हणजे केवढं ग?”

मातोश्री हंसल्या. “तें मला तरी कुठं ठाऊक आहे! माझ्या आजीनं सांगितलं, मीं तुम्हांला सांगितलं. पण माझ्या डोळ्यांपुढं नेहमीं आमच्या माजघरांतलं एक काळं बोळकं यायचं. कान तुटलेलं.”

“मला तर नैवेद्याची वाटी वाटते,” वहिनी म्हणाल्या, आणि चांदीची लहानशी वाटी घेऊन आल्या. आमच्या पत्नीनें फडताळाच्या वरच्या कप्प्यांतून मुलांस दूध पाजावयाचें जुनें बोंडलें काढलें. थोरल्या बंधूंच्या मतें तें गवळ्याचें पावशेरी माप असलें पाहिजे; लहानपणीं दारांत येणाऱ्या गवळ्याचें माप कसें ठोकरलेलें होतें हें ते हातवारे करून सांगूं लागले. आमचे चिरंजीव आपला चहाचा कप घेऊन उभे राहिले. दहा मिनिटांत देवापुढें सात-आठ भांडीं गोळा झालीं आणि कहाणी बाजूस राहिली. आठ दिवसांत प्रथमच पुतणी आपल्या वडिलांकडे पाहून हंसली. मग मातोश्री तिला म्हणाल्या, “तूं चित्रं काढतेस ना? मग माझं बोळकं काढून दाखव. मी सांगतें तसं. डोळे नाहींत मला, पण हातानं कागद चांचपून पाहीन.”

पुतणीनें देवापुढच्या हिशेबाच्या वहींतलें एक पान फाडलें आणि बंधूंच्या खिशांतलें शाईचें पेन घेतलें. बोळकें काढलें. मातोश्रींनीं सांगितल्याबरहुकूम कान तोडला. मग वाटी काढली, बोंडलें काढलें, माप काढलें, कप काढला. शाईचें पेन असल्यामुळें खोडावयाची सोय नव्हती, आणि हिशेबाची वही असल्यामुळें कागद खराब होण्याची भीति नव्हती. दिवे लागेपर्यंत चार पानें भरलीं. त्या भांड्यांतून पुस्तकास उपयोगी असें त्या दिवशीं कांहींच निघालें नाहीं. पण सहा आठवडे बंद असलेलें दार उघडलें तें याच ठिकाणीं.

असें कां व्हावें? यांत चमत्कार नाहीं. चित्र काढणाऱ्याच्या मनांत दोन माणसें असतात: एक करणारा आणि एक पारखणारा. पारखणारा अवश्य पाहिजे; पण तो आधीं येऊन दारांत बसला, तर करणाऱ्यास आंत शिरतां येत नाहीं. म्हणून पुष्कळ जुन्या गुरूंनीं या पारख्यास थोडा वेळ बाहेर पाठविण्याच्या युक्त्या सांगून ठेविल्या आहेत. लिओनार्दो दा विंची शिष्यांस डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहावयास सांगे. त्या डागांत डोंगर, झाडें आणि लढाया दिसूं लागतात असा त्याचा अनुभव. अठराव्या शतकांतला इंग्रज चित्रकार अलेक्झांडर कोझेन्स कागदावर शाईचे डाग टाकवून त्यांतून देखावा शोधावयास शिकवी. अमेरिकन शिक्षक किमोन निकोलाइडिस यांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४१ सालीं, निघालें. त्यांत वस्तूवरची नजर न हलवितां, कागदाकडे न पाहतां, तिची कड रेघेनें काढीत जाण्याचा पाठ आहे. युक्त्या निरनिराळ्या, हेतु एकच: चांगलें काढण्याची जबाबदारी घटकाभर उतरवून ठेवणें. आमच्या मातोश्रींनीं यांपैकीं कोणाचें नांव ऐकलेलें नाहीं. त्यांनीं ‘चांगलें चित्र काढ’ असें न म्हणतां ‘माझें बोळकें काढ’ असें म्हटलें, एवढेंच. ‘चांगलें’ कोठें असतें तें कोणास दिसत नाहीं. बोळक्यास मात्र कांठ असतो, बूड असतें, आणि तुटलेला कान असतो.

दुसऱ्या दिवसापासून पुतणीनें कामाची रीत बदलली. कांचेची पाटी कपाटांत गेली. वहीच्या पानावर दोन इंचांचे चौकोन आंखून ती एकेका प्रसंगाचीं दहा-दहा इवलालीं चित्रें शाईनें काढूं लागली. विद्यार्थी त्यांस थंबनेल म्हणतात. अर्ध्या तासांत दहा, असा नियम. त्यांत भुवया काढतां येत नाहींत; कोण मोठें, कोण लहान, काळें कोठें, पांढरें कोठें, एवढेंच ठरतें. पहिलीं तीन-चार चौकोनें आपण शंभरदां पाहिलेल्या चित्रांसारखींच येतात. सातव्या-आठव्यांत मनांतला सांठा संपतो, आणि तेथून पुढें स्वतःचें कांहीं येऊं लागतें, असें तिनें आम्हांस सांगितलें. पांच दिवसांत चौदा जोडपानांचीं एकशें चाळीस चौकोनें झालीं. तीं तिनें खोलीच्या भिंतीवर चिकटविलीं, आणि मुख्य चूक तिला तेथें उभ्यानें दिसली. चौदांपैकीं नऊ पानांवर राजा होता. दवंडी, दरबार, हत्ती, घागरींच्या रांगा. म्हातारी आपली शेवटच्या दोन पानांवर कोपऱ्यांत. वस्तुतः कहाणी म्हातारीची आहे. सकाळपासून दुपारपर्यंत ती घरांत काय करीत होती, हें कहाणी एका वाक्यांत उरकते, आणि सारें मर्म तर त्याच वाक्यांत आहे.

मग राजा तीन पानांवर आला, आणि म्हातारीच्या सकाळीस सहा पानें मिळालीं. त्यांसाठीं संगणकावरच्या फोटोंची गरज उरली नाहीं. वहिनी पहांटे दूध तापवितांना पदर कसा खोंचतात, मातोश्री भिंतीस हात टेकून कशा उठतात, धाकट्या मुलास दूध पाजतांना आमची पत्नी मान कोणीकडे झुकविते, हें सारें घरांतच चाललें होतें. तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरांत एक स्टूल मध्येंच असे आणि येतांजातां सर्वांस ठेंच लागे. पण कोणी कुरकुर केली नाहीं. मातोश्री तर न सांगतां स्तब्ध बसूं लागल्या. “हललें तर नाक वांकडं येईल,” असें त्या शेजारणीस सांगत.

एक अडचण उरली. गाभारा दुधानें भरला हें दाखवावयाचें कसें? आपल्याकडील बहुतेक देवळांत गाभाऱ्याचा उंबरठा लहानसा. तेथें दूध ओतलें तर तें भरणार नाहीं, वाहून जाईल. यावर आम्हीं तिला अंबरनाथचें शिवालय पाहून येण्याचें सुचविलें. ठाण्याहून लोकलनें तें कांहीं दूर नाहीं. वालधुनी नदीच्या कांठचें हें देऊळ शिलाहार राजांच्या काळचें. त्यावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काल आहे. या देवळाचा विशेष असा कीं, गाभारा मंडपाच्या पातळीवर नाहीं. सुमारें वीस पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें, आणि वरचें शिखर अपुरें असल्यामुळें उजेड आकाशांतून थेट पिंडीवर उतरतो. आम्ही दोघें एका बुधवारीं गेलों. पाऊस नुकताच उघडला होता. पुतणी पायऱ्यांच्या तोंडाशीं उभी राहून पुष्कळ वेळ खालीं पाहत होती. मग म्हणाली, “काका, हें भांडंच आहे.” तिनें तेथेंच ओल्या दगडावर बसून गाभारा वरून काढला: चार बाजूंस दगडी कांठ, मध्यें खोल पोकळी. देवळापुढें उभें राहून कळस काढण्याची जी सवय सर्वांस असते, ती त्या दिवशीं सुटली.

रंगाचें काम सुरू झालें तेव्हां गणपति बसले होते. घरांत पाहुणे, आरत्या, मोदकांची गडबड. आणि आंतल्या खोलींत पुतणी रोज एक पान रंगवीत होती. जलरंगांत दूध दाखवावयास तिनें पांढरा रंग दाट करून लावला, तों तें चुन्यासारखें दिसूं लागलें. तिच्या शिक्षकांनीं तें पाहून विचारलें कीं, पांढरें तुझ्यापाशीं असतांना तूं तें विकत कशाला आणतेस? जलरंगाचा हा जुना नियमच आहे. त्यांत सर्वांत उजळ पांढरें म्हणजे न रंगविलेला कागद. नियम तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होता, पण त्याचा अर्थ तिला त्या दिवशीं कळला. तिनें दूध रंगविलेंच नाहीं. भोंवतालचा दगड, माणसांचे पाय, घागरींच्या सावल्या रंगविल्या, आणि जेथें दूध तेथें कागद कोरा सोडला. शेवटच्या जोडपानावर वरून पाहिलेला गाभारा आहे. चारी कडांना ओल्या काळ्या दगडाची पट्टी, एका कोपऱ्यांत म्हातारीचा सुरकुतलेला हात आणि कान तुटलेलें बोळकें. बाकी सारें पान कोरें. ज्या कोऱ्या कागदापुढें ती सहा आठवडे बसून राहिली होती, तोच शेवटीं पुस्तकांतला सर्वांत भरलेला भाग झाला.

मुदतीच्या आदल्या रात्रीं पुस्तक शिवून पुरें झालें. त्यास बक्षीस वगैरे मिळालें नाहीं. चौदांपैकीं दोन पानें तिची तिलाच आवडत नाहींत, आणि परीक्षकांनींहि नेमकीं तींच दाखविलीं. परंतु वर्ष पुरें झालें, आणि ती आतां एका प्रकाशन संस्थेंत मुलांच्या पुस्तकांचें काम करते. दसऱ्यानंतर मातोश्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर कांहीं दिवसांनीं त्यांनीं तें पुस्तक मागून घेतलें आणि एकेक पान उजेडाकडे धरून पाहिलें. शेवटच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, “अग बाई, कांठोकांठ आलं कीं!” मग बोळक्याकडे बोट करून म्हणाल्या, “कान मात्र दुसऱ्या बाजूचा तुटलेला होता हो.” पुतणीनें दुरुस्तीस पेन काढलें, पण त्यांनीं हात धरला.

या साऱ्या प्रकारावरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही कहाणी चित्रविषय म्हणून निवडली गेली हा नुसता योगायोग असला तरी बोधक योगायोग होता. राजाची इच्छा वाईट नव्हती. गाभारा भरावा ही तर भक्तीच. चुकली ती रीत. त्यानें साऱ्या गांवाचें दूध गोळा केलें आणि घरें उपाशी ठेविलीं. कलेच्या विद्यार्थ्याचें असेंच होतें. साऱ्या जगाचीं चित्रें तो गोळा करतो, स्वतःस कठोर आज्ञा देतो, झोप तोडतो, जेवण टाकतो, माणसांत येईनासा होतो. आणि गाभारा रिकामाच. म्हातारी आधीं घरच्यांची भूक भागविते, मग उरलेलें घेऊन जाते. हातास रोजचें थोडें काम, पोटास वेळेवर अन्न, डोळ्यांस जवळचीं माणसें. एवढें झाल्यावर जें खुलभर उरतें तें पुरतें. धुरंधरांच्या एकेचाळीस वर्षांकडे पाहून पुतणी आरंभीं घाबरली होती. आतां तीच संख्या तिला धीर देते. एकेचाळीस वर्षें म्हणजे एकामागून एक आलेले दिवसच, असें ती म्हणते.

घरच्या वडील मंडळींस एकच विनंति. ज्यांच्या घरीं असें एखादें मूल अडून बसलें असेल, त्यांनीं त्यास ‘चित्र झालें का?’ असें दिवसांतून चारदां विचारूं नये, आणि ‘तुला कांहीं कमी पडूं दिलें आहे का?’ असेंहि म्हणूं नये. त्यापेक्षां जवळ बसवून घरांतलें एखादें जुनें भांडें काढून दाखवावयास सांगावें, आणि तें कोणाचें, कोठून आलें, त्यास पोंचा कसा पडला, हें सांगत राहावें. चित्र निघो वा न निघो, मूल पानावर जेवावयास तरी येईल. आणि आमच्या अनुभवानें, बाकीचें पुष्कळसें तेथूनच सुरू होतें.